वर्गातलं सामानाचं कपाट: लोखंडी की भिंतीतलं लाकडी?

मुलांनी हात लावू नये असं सामान, म्हणजे कटर, सुया, स्पिरिटची बाटली, ठेवायला लोखंडी कपाट केव्हाही सरस. साडेसहा फुटी कपाटाची मूठ फिरवली की आतले दांडे वर-खाली सरकतात आणि दार घट्ट अडकतं. फट पाडून हात घालता येत नाही. पण फरशी उंचसखल असली की कपाट तिरकं होतं, दांडा खाचेत बसत नाही आणि दार नुसतं लोटून ठेवायची सवय लागते. पायांखाली पत्र्याच्या चकत्या सरकवा. दोन्ही दारांच्या वरच्या कडा एका रेषेत आल्या की कुलूप नीट लागतं. याहून मोठा धोका म्हणजे दाराला लोंबकळणारं मूल कपाट अंगावर ओढून घेऊ शकतं. माथ्याशी दोन एल-पट्ट्या लावून ते भिंतीला पक्कं कराच. जड गठ्ठे खालच्या कप्प्यात.

भिंतीतलं लाकडी कपाट कलंडत नाही, जागाही खात नाही. खडू, कार्डशीट यांना ते पुरेसं आहे. मात्र कोयंडा बाहेरून स्क्रूने बसवलेला असतो. पोरं स्टीलच्या पट्टीच्या टोकानेही तो सोडवतात. आरपार बोल्ट घालून नट आतल्या बाजूला घ्या. पावसाळ्यात दार फुगून अडतं, तेव्हा लगेच रंधा मारू नका, उन्हाळ्यात फट पडेल.

हायड्रोक्लोरिक आम्ल दोन्हींत नको. त्याच्या वाफेने बिजागऱ्या आणि कुलूपही गंजतात.