स्वस्तातलं मल्टिरूम म्युझिक: लिरियन सर्व्हर आणि रास्पबेरी पाय झिरो, बरेच महिने वापरल्यावर

आधी घर कसलं ते सांगतो, कारण या विषयात सगळं घरावरच असतंय. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं जुनं दुमजली घर, खालच्या भिंती दीड-दीड फुटी, वरचा मजला मागनं चढवलेला आरसीसी. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आई-बाबांची खोली, वर आमची. या चार ठिकाणी एकच गाणं एकाच वेळी वाजायला पाहिजे, किंवा चार ठिकाणी चार वेगळी, आणि खर्च असा की घरात त्यावर भांडण होऊ नये, एवढीच अट होती. आता वर्ष व्हायला आलं, रोज सकाळ-संध्याकाळ वापर आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

ब्लूटूथवर हे होत नाही ते आधीच सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. ब्लूटूथ फोनला बांधलेलं असतंय, फोन घेऊन माणूस गच्चीवर गेला की खाली गाणं तुटतं, फोन आला की गाणं बंद, आणि आमच्या खालच्या भिंतीतनं तर ते पलीकडं जातच नाही. तयार मल्टिरूम स्पीकर चांगले असतात, वाद नाही, पण चार खोल्यांचा हिशोब केला की एक सेकंडहँड गाडी दिसायला लागते. स्मार्ट स्पीकरचा ग्रुप करणं हा मधला मार्ग, तो सोपा पण आहे, ज्याला सोल्डरिंग आणि सेटिंगचा कंटाळा आहे त्यानं सरळ तेच करावं. माझ्याकडं मात्र घरात चांगले जुने स्पीकर पडून होते आणि बाबांचा कॅसेटवरनं उतरवून घेतलेला मोठा खजिना होता, तो वाजवायचा होता, आणि तोही नेट नसलं तरी.

मग सापडलं लिरियन म्युझिक सर्व्हर, म्हणजे घरातल्या एका कॉम्प्युटरवरनं खोल्याखोल्यात गाणी पाठवणारं सॉफ्टवेअर. नाव नवीन वाटतंय पण माल जुना आहे. स्लिम डिव्हायसेस नावाच्या कंपनीचे स्क्वीझबॉक्स नावाचे प्लेअर होते, २००६ ला लॉजिटेकनं ती कंपनी घेतली, २०१२ ला प्लेअर बंद केले. पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं म्हणून ते मेलं नाही, लोकांनी चालू ठेवलं आणि २०२४ ला त्याचं लिरियन असं बारसं झालं. फुकट आहे. मला यातली हीच गोष्ट पटली, कंपनीनं हात वर केले तरी डबडं भंगारात जात नाही.

रचना अशी आहे की सगळी अक्कल एका ठिकाणी, म्हणजे सर्व्हरवर, आणि खोल्याखोल्यातले प्लेअर एकदम बिनडोक. सर्व्हर सांगेल ते वाजवायचं, बास. सर्व्हर म्हणून मी स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप घेतला, त्यावर लिनक्स टाकलं आणि कपाटाच्या वर ठेवून दिला. लॅपटॉपचा फायदा असा की त्याची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. बॅटरी अर्धमेली असली तरी लाइट गेल्यावर तेवढी पाच-दहा मिनिटं निघतात. वीज किती खातो विचारताय तर सरासरी १० वॅट धरा, दिवसरात्र चालू राहिला तरी महिन्याला सात-साडेसात युनिट.

खोलीतला प्लेअर म्हणजे रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटासा कॉम्प्युटर, त्याला जोडलेला पीसीएम ५१०२ चा डॅक बोर्ड, म्हणजे डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालेल असा सिग्नल करणारा, आणि मेमरी कार्डावर पायकोअरप्लेअर, म्हणजे पायला प्लेअर बनवणारी सिस्टिम. पाय झिरोला हेडफोनची पिन नसते म्हणून डॅक लागतोच. मला एका खोलीला पाय, डॅक, कार्ड, अडॅप्टर धरून तीन हजाराच्या आत-बाहेर पडलं, स्पीकर-अँप सोडून. अँप म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर, त्याचे टीपीए ३११६ चे बोर्ड मिळतात हजाराच्या आत, त्याला १९ व्होल्टचा जुना लॅपटॉप अडॅप्टर चालतो, आणि असला अडॅप्टर प्रत्येकाच्या घरात एखादा पडलेला असतोच.

डॅक बोर्डाचं थोडं नीट सांगतो कारण बरेच जण इथंच अडकतात. तो छोटा जांभळा बोर्ड येतो त्याच्यावर एससीके नावाची पिन असते. पाय त्या पिनला काही देत नाही, म्हणून ती ग्राउंडला जोडायची असते, बोर्डावर शेजारी दोन टिकल्या असतात त्यावर सोल्डरचा एक थेंब टाकला की झालं. मागच्या बाजूला अजून चार जंपर, म्हणजे सोल्डरनं एच किंवा एल कडं जोडायच्या जागा असतात, त्यातला एक म्यूटचा, तो एच कडं नसला तर सगळं जोडून पण ढिम्म आवाज येत नाही. बोर्ड खराब निघाला म्हणून परत पाठवायच्या आधी हे दोन बघा. बाकी वायरी पाचच, पाच व्होल्ट, ग्राउंड, बीसीके जाते १२ नंबरच्या पिनला, एलसीके ३५ ला आणि डिन ४० ला. पायकोअरप्लेअरमधी हायफायबेरी डॅकचा पर्याय निवडायचा, बोर्ड हायफायबेरीचा नसला तरी चालतंय.

पायकोअरप्लेअरची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ते चालू झालं की पूर्ण रॅममधी बसतं, कार्डावर सारखं लिहीत बसत नाही. आपल्याकडं वळवाचा पाऊस आला की लाइट किती वेळा ये-जा करते ते काय सांगायला नको, साधी सिस्टिम असती तर कार्डं कधीच गेली असती. इथं बटण खटकन बंद केलं तरी काय होत नाही. घरातले कुणी शटडाऊन वगैरे करत बसणार नाहीत हे गृहीत धरूनच सामान निवडायला पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, सिंक, म्हणजे सगळ्या खोल्यातलं गाणं एकाच क्षणाला वाजणं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात दरवाजा नाही, नुसती कमान आहे, त्यामुळं दोन्हीकडं एकच गाणं लावलं आणि जरा मागं-पुढं झालं तर देवळातल्या गाभाऱ्यासारखं घुमतं. लिरियन दोन प्लेअर जोडले की त्यांचं घड्याळ सारखं तपासत असतंय आणि कुणी पुढं पळाला तर गुपचूप जुळवून घेतंय. हवेत आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे हॉलच्या स्पीकरचा आवाज स्वयंपाकघरात ओट्याजवळ पोचेपर्यंत वीसेक मिलिसेकंद तसेही गेलेले असतात, कानाला तेवढं कळत नाही. मधे उभं राहून मी मुद्दाम ऐकून बघितलं, टाळ्यांचा आवाज असलेलं रेकॉर्डिंग लावून, कारण घोळ असला तर टाळीत पहिल्यांदा कळतो. एकच टाळी ऐकू आली!

वरच्या खोलीत मात्र साउंडबार आहे, त्याच्या आत काहीतरी प्रोसेसिंग चालतं आणि तो सगळ्यांच्या मागं राहायचा. त्यासाठी सेटिंगमधी प्रत्येक प्लेअरला मिलिसेकंदात ऑडिओ डिले देता येतो, जिन्यात उभं राहून आकडा बदलत बदलत तो बसवला. आवाज कमी-जास्त मात्र प्रत्येक खोलीचा वेगळा ठेवता येतो आणि तसाच ठेवा, नाहीतर वर पोरगं आवाज वाढवणार आणि खाली देवघरात बाबा दचकणार.

वायफायनं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. पाय झिरो २ डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि पेठेत घराला घर लागून असल्यामुळं त्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डझनभर राउटर कोकलत असतात. दुपारी सगळं मस्त, संध्याकाळी सात नंतर लोकं घरी आली की गाणं अडखळायला लागतं. यात नेटच्या स्पीडचा काही संबंध नाही हे लक्षात घ्या, प्लॅन वाढवून काय उपयोग नाही. सीडी दर्जाचं फ्लॅक, म्हणजे दर्जा न घालवता लहान केलेली फाइल, म्हटलं तरी एका खोलीला एक एमबीपीएसच्या आसपास लागतं, ते पण घरातल्या घरात. अडचण गर्दीची असते. राउटरचं ऑटो चॅनल बंद करून १, ६, ११ यातला जो कमी गर्दीचा तो पक्का केला, राउटर टीव्हीच्या मागनं काढून उंचावर भिंतीला लावला, आणि वरच्या मजल्यावर सरळ लॅनची केबल नेऊन जुना राउटर अॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसता वायफाय देणारा डबा म्हणून लावला, त्याचा डीएचसीपी, म्हणजे प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटायचं काम, बंद करून. सगळ्यात जास्त फरक त्या केबलनं पडला. ज्याला शक्य आहे त्यानं आधी केबल टाकावी आणि मग डॅकमधला फरक ऐकत बसावं. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस पण लावलाय, पण खरं सांगायचं तर लाइट गेल्यावर अँपच बंद पडतो, त्यामुळं त्याचा उपयोग मोबाइलवाल्यांनाच जास्त झाला.

हॉलमधी सुरुवातीला बारीक हम्म असा आवाज यायचा. पाय आणि अँप एकाच सप्लायवर काढले होते त्यामुळं. दोघांना वेगळे अडॅप्टर दिल्यावर गेला, ज्यांचा तरीही जात नसेल त्यांनी ऑडिओ वायरीच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे असला हम्म अडवणारी छोटी डबी, घालून बघावा.

घरच्यांचा अनुभव. बायको फोनवरनं वापरते, मटेरियल स्किन म्हणून प्लगइन आहे ते टाकल्यावर सर्व्हरचं पान ॲपसारखं दिसतं, तिला काय शिकवावं लागलं नाही. आईचं तसं नाही. तिनं एकदाच सांगितलं, "हाताला पीठ असतंय माझ्या, फोनला कुठं हात लावू?" मुद्दा बरोबर होता. मग स्वयंपाकघरातल्या पायला एक रोटरी नॉब लावला, फिरवला की आवाज कमी-जास्त, दाबला की गाणं थांबतं, परत दाबला की चालू. शंभर रुपयाच्या आतला पार्ट आहे, पायकोअरप्लेअरमधी त्याची सोय आहे. पूर्ण सिस्टिममधी घरात सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू तीच. नॉबवर आता हळदीचा कायमचा डाग आहे. आणि तिथला पाय एका झाकणाच्या डब्यात भोकं पाडून फ्रीजच्या वर ठेवलाय, गॅसजवळ ठेवला तर फोडणीचं तेलकट बसून चिकट थर धरतो.

दुसरी सोय अलार्मची. प्रत्येक प्लेअरला वेगळा अलार्म लावता येतो, कुठलं गाणं, किती आवाज, कुठल्या वारी, सगळं. पहाटे स्वयंपाकघरात अभंग, थोड्या वेळानं बाबांच्या खोलीत रेडिओ, आणि वर रविवारी काहीही नाही. यासाठी कुणाला काही करावं लागत नाही, म्हणूनच ते रोज चालतंय. इंटरनेट रेडिओची लिंक एकदा फेव्हरिटमधी टाकून ठेवली की झालं, फक्त लिंका मधनंअधनं बदलतात, मग सकाळी "आज रेडिओ का नाही" अशी हाक येते.

बाबांच्या संग्रहाचं काम मात्र लई वेळखाऊ निघालं. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी या गावात ठेवून घेतलं, तेव्हा इथल्या जुन्या माणसांना त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गाण्याचं वेड असणारच, बाबांकडं केसरबाई, मोगूबाई, मन्सूर असं भरपूर आहे. पण फाइली दहा ठिकाणच्या. मल्लिकार्जुन मन्सूर एका ठिकाणी पंडित लावून, एका ठिकाणी पं. टिंब, एका ठिकाणी इंग्रजीत एस एकच तर दुसरीकडं दोन, सर्व्हरच्या दृष्टीनं ही चार वेगळी माणसं झाली. काही फाइलींच्या नावात तर गायकाच्या जागी कुठल्यातरी डाउनलोड साइटचं नाव. एमपी३टॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन, बाबांना शेजारी बसवून, एकेक राग विचारत विचारत टॅग, म्हणजे फाइलीतली गायकाची-रागाची नावं, दुरुस्त केले, मग सर्व्हरला संग्रह परत वाचायला लावला. देवनागरी टॅग सर्व्हर व्यवस्थित दाखवतो आणि शोधतो पण. तुमच्याकडं फक्त ऑनलाइन गाणी असतील तर हा सगळा ताप नाही, पण मग स्पॉटिफायसाठी वेगळं प्लगइन लागतं आणि ते प्रीमियम खात्यावरच चालतं हे धरून चाला.

आवाजाचा दर्जा? हॉलमधी जुने बुकशेल्फ स्पीकर आहेत तिथं छान, स्वयंपाकघरात सुताराकडनं करून घेतलेल्या खोक्यात गाडीचे जुने स्पीकर आहेत तिथं कामापुरता. डॅक दोन्हीकडं एकच आहे, फरक सगळा स्पीकरचा. पैसे वाढवायचे असतील तर तिथंच वाढवा. गणपतीतल्या भिंती हलवणाऱ्या आवाजाची सवय असलेल्या मित्रांना हे मिळमिळीत वाटतं, त्यांना चहा द्यायचा आणि गप्प बसायचं.

कुणी करू नये ते पण सांगतो. भाड्याच्या दोन खोल्यात राहत असाल तर एक बरा स्पीकर पुरे. घरात बिघडलं की बघणारं कुणी नसेल तरी नको, कारण रोज काही बिघडत नसलं तरी राउटर बदलला, पासवर्ड बदलला की चारी पायना परत सांगावं लागतं. टीव्हीचा आवाज चारी खोल्यात पाहिजे असेल तरी हा मार्ग नाही, सर्व्हर आधी बफर भरतो आणि मग वाजवतो, त्यामुळं मॅचमधी चौकार आधी दिसतो आणि कॉमेंट्री मागनं येते.

गच्चीचं अजून राहिलंय. तिथं सिग्नल पोचतो, पण पावसात टिकेल असा स्पीकर बजेटमधी मिळालेला नाही, कुणी बसवला असेल तर कुठला आणि कितीला पडला तेवढं कळवा.