आठ महिने रोज मोठ्याने वाचलेला पेपर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लांबचं दिसायला लागलं, पण पेपरातलं बारीक अक्षर काही लागेना. साठ वर्षं रोज पेपर वाचणारा माणूस सकाळी नुसता अंक मांडीवर घेऊन बसायला लागला, तेव्हा मीच म्हटलं, मी वाचते, तुम्ही ऐका. त्याला आता आठ महिने झाले. सणाच्या दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही ते दिवस सोडले, तर खाडा नाही.

आमच्याकडे येतो तो सांगली आवृत्ती असलेला एक प्रादेशिक पेपर. नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती एकाच्याच माथी मारायची नाही. मध्ये दोन महिने शेजाऱ्यांशी अंकांची अदलाबदल करून बाकीचेही वाचले. गुणदोष थोड्याफार फरकानं सगळीकडे तेच आहेत.

मनातल्या मनात वाचताना आपण निम्मी बातमी गाळतो. मोठ्यानं वाचताना गाळता येत नाही. 'सदर प्रकरणी अधिक तपास सुरू आहे' हे वाक्य मी एवढ्या वेळा म्हटलंय की ते येण्याआधीच आण्णा हात वर करतात, पुढची बातमी घ्यायची म्हणून. उलट तालुक्याच्या वार्ताहरानं स्वतः जाऊन लिहिलेली बातमी ऐकताना लगेच कळते. कुठल्या ओढ्यावरचा पूल, कुठल्या वस्तीची वाट बंद, दूध डेअरीपर्यंत कसं पोचवलं, हे सगळं तिच्यात असतं. अशा बातमीला आण्णा म्हणतात, "परत वाच गं, सावकाश."

पहिल्या पानापासून आम्ही सुरुवात करतच नाही. पहिलं पान आदल्या रात्रीच टीव्हीवर होऊन गेलेलं असतं. शिवाय कुठल्या ना कुठल्या नेत्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात असली, की खरं पहिलं पान शोधायला तिसरं पान उलटावं लागतं. आमचा क्रम ठरलेला आहे: कोयना धरण, आयर्विन पुलाजवळची पातळी, टेंभूचं पाणी, बाजारभाव, निधन वार्ता. मग जाहीर नोटिसा आणि वेळ उरला तर अग्रलेख.

कोयना आणि आयर्विन आधी का, ते सांगलीच्या गावभागात, नदीकाठच्या जुन्या वस्तीत, राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. २००५ ला पाणी ५३ फूट ९ इंचांवर गेलं, २०१९ ला ५७ फूट ६ इंचांवर. आमच्या जिन्याच्या भिंतीवर दोन्हीच्या खुणा आहेत. जुलैमध्ये पेपरात रोज एक छोटी चौकट यायची: कोयनेत १०५.२५ टीएमसीपैकी किती साठा, विसर्ग किती क्युसेक, वारणा धरणाची स्थिती काय, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी किती आणि आयर्विनला किती फूट. अख्ख्या अंकात या चौकटीएवढी कामाची जागा दुसरी नाही. पाणी चढत असताना तिच्यातला आकडा आदल्या रात्रीचा असतो, तेव्हा त्या घटकेला फोनच बघावा लागतो, हे खरं. पण फोनवर त्याच आठवड्यात २०१९ चे व्हिडिओ आजचे म्हणून फिरत होते. आण्णांनी मला सगळ्या चौकटी कापून वहीत चिकटवायला लावल्या. धरणातून पाणी किती सोडलं, मधल्या पट्ट्यात पाऊस किती पडला आणि इथं पातळी किती चढली, याचा मेळ त्या वहीत एका नजरेत लागतो.

टेंभूचं कारण वेगळं. आमची जमीन विट्याकडे, खानापूर तालुक्यात. टेंभू उपसा योजनेचं आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, यावर तिथलं सगळं अवलंबून. ही बातमी पेपर चांगली देतो, कारण तिला वाचक आहे. पण टेंभू म्हटलं की आण्णांना पाण्याबरोबर आगरकर आठवतात. कऱ्हाडजवळच्या याच टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले आणि ४ जानेवारी १८८१ ला 'केसरी' निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध, बर्व्यांविरुद्ध छापलं म्हणून त्यांनी आणि टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आवर्तनाची बातमी वाचता वाचता हे ऐकायला मिळतं, ते मला शाळेत कुणी असं सांगितलं नव्हतं.

'प्रतोद'चं नाव तर मी आण्णांकडूनच पहिल्यांदा ऐकलं. इस्लामपूरहून निघणारं छोटं पत्र. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, कारण आपला जिल्हा दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला तो १९४९ मध्ये आणि सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. १८९७ साली, टिळकांवर खटला चालला त्याच वर्षी, या पत्रावरही राजद्रोहाचा खटला झाला. लेख होता कॅनडातले लोक स्वातंत्र्याच्या तयारीला लागल्याबद्दलचा! साताऱ्याच्या सेशन्स कोर्टानं संपादकाला जन्मठेप काळ्या पाण्याची सुनावली. हायकोर्टात शिक्षा बरीच उतरली, पण राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ लावताना हा निकाल पुढे कितीतरी वर्षं दाखला म्हणून काढला जायचा. आपल्या भागातल्या एका लहानशा छापखान्याचं हे मोल होतं. ६ जानेवारीला पत्रकार दिनाच्या पुरवणीत 'दर्पण' आणि बाळशास्त्री जांभेकर येतात, ते यायलाच हवेत. पण सांगली आवृत्तीच्या पुरवणीत 'प्रतोद'वर एक ओळ नव्हती, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

बाकी या जिल्ह्यात घरोघरी जाणारे मोठे पेपर बहुतेक बाहेरून आले. 'सकाळ' १९३२ मध्ये पुण्यात नानासाहेब परुळेकरांनी काढला, 'पुढारी' १९३९ पासून ग. गो. जाधवांनी कोल्हापुरात दैनिक केला, 'तरुण भारत' बाबूराव ठाकुरांचा, बेळगावचा. आवृत्त्या नंतर निघाल्या. बातमीचा झुकाव अजून कधी कधी त्या शहरांकडे दिसतो. त्याहून जास्त खटकतं ते जिल्ह्याच्या आतलं. सांगली-मिरजेची पानं भरून वाहतात आणि जत-आटपाडीच्या वाट्याला एखादा कोपरा येतो. लांबच्या तालुक्यांचे गठ्ठे लवकर गाडीत चढवावे लागतात, म्हणून तिकडची आवृत्ती आधी छापतात आणि रात्री उशिराची बातमी तिच्यात येत नाही. हे समजून घेता येतं. पण दिवसाढवळ्या झालेली चारा-पाण्याची बातमीही येत नाही, ते समजून घेता येत नाही.

बाजारभावाबद्दल एक गोष्ट आण्णांनी शिकवली. हळदीचा किंवा बेदाण्याचा उच्चांकी भाव मोठ्या अक्षरात येतो. मी उत्साहानं वाचला, तर म्हणाले, "तो एका लॉटचा असतोय पोरी. सरासरी वाच." तेव्हापासून मी मथळा सोडून खालचं किमान-कमाल-सरासरीचं कोष्टक वाचते. ते कोष्टक ज्या दिवशी गाळतात, त्या दिवशी शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते पान कोरंच आहे.

माझे धाकटे दीर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात कोईमतूरला आहेत. ते ई-पेपर वाचतात, पण फक्त खानापूर-आटपाडीचं पान. मोठे लोंढे बाहेर गेलेल्या या तालुक्यांसाठी ई-पेपर ही खरी सोय आहे. गावातलं कोण गेलं, कुणाच्या पोराला नोकरी लागली, हे त्यांना आमच्या फोनआधी कळलेलं असतं. अडचण एवढीच, की मोबाईलवर पान मोठं करताना ओळी सुटतात आणि जुना अंक तारखेनं शोधताना नाकी नऊ येतात.

आता तक्रार. नोव्हेंबरमध्ये आण्णांच्या मावसबहीण वारल्या. घरच्यांनी बातमी दिली, दुसऱ्या दिवशी फोटोसह छापून आली. रक्षाविसर्जन सोमवारी होतं, पण पेपरात वार छापला मंगळवार. आण्णांना मीच वाचून दाखवली आणि आम्ही मंगळवारी सकाळी निघायच्या तयारीत असताना फोन आला, काल का आला नाहीत म्हणून. आण्णा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. त्यांच्या पिढीत पेपरात आलं म्हणजे ते निमंत्रण, वेगळा फोन कुणी करत नाही. आमच्यासारखी आणखी चार घरं चुकली. मी कार्यालयात गेले. तिथल्या मुलीनं शांतपणे ऐकलं, माफी मागितली, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आलीही. पण सोमवार काही परत आला नाही.

तरी पेपर बंद केला नाही. आण्णांनी करू दिला नाही. त्या आठवड्यात तीन निधन वार्ता त्यांच्या ओळखीच्या होत्या आणि तिन्ही ठिकाणी आम्ही वेळेवर पोचलो. परवा पुढच्या वर्षाचे पैसे भरले. पावतीबरोबर एका कागदावर लिहून दिलं: निधन वार्तेत वार आणि तारीख, दोन्ही छापा. एक चुकलं तर दुसऱ्यावरून वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.