विमा सरकारचा, पण कोणासाठी? इसारा बुडण्याची भीती घालून माझ्याकडून काढलेले अठरा हजार डॉलर

२०२३ च्या शरद ऋतूत आम्ही न्यू जर्सीमध्ये, एडिसनपासून जवळच असलेल्या एका गावात, १९५० च्या दशकात बांधलेले घर घेतले. त्या व्यवहारात मी १८,००० डॉलर असे भरले की जे भरण्याची कायद्याने माझ्यावर कोणतीही सक्ती नव्हती. मला सक्ती नाही हे सांगणारा कागद माझ्याच फाईलमध्ये होता आणि त्यावर माझी सही होती. आपल्यापैकी अनेक कुटुंबे पहिले घर याच प्रकारच्या कर्जावर घेतात, म्हणून घडले ते क्रमाने लिहितो.

आमचे कर्ज एफएचएचे होते. फेडरल हाऊसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही संस्था १९३४ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि आज ती हड या गृहनिर्माण खात्याच्या अखत्यारीत आहे. ती स्वतः कर्ज देत नाही. बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवते. त्यामुळे ५८० किंवा अधिक क्रेडिट स्कोअर असलेल्या माणसाला साडेतीन टक्के डाऊन पेमेंटवर घर घेता येते. आम्ही दोघे ग्रीन कार्डधारक असल्यामुळे पात्र होतो. (मे २०२५ पासून कायमस्वरूपी रहिवासी नसलेल्यांना, म्हणजे एच-१बी व्हिसावर असलेल्यांनाही, हे कर्ज मिळत नाही.)

‘सरकारी विमा’ या दोन शब्दांनी माझी पहिली दिशाभूल केली, आणि त्यात एजंटने भरच घातली. हे गृहस्थ मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेले, आपल्याकडचेच, पहिल्या भेटीत माझ्या पत्नीच्या माहेरची चौकशी करणारे. ते म्हणाले, “सरकारचा विमा आहे, सरकारचे नियम लावून घराची तपासणी होते, तुम्ही निश्चिंत राहा.” प्रत्यक्षात हा विमा बँकेचे नुकसान भरून काढण्यासाठी असतो. हप्ते थकले आणि घर लिलावात गेले, तर पैसे बँकेला मिळतात. घरात खोट निघाली तर आपल्याला एक छदामही मिळत नाही. विम्याचा हप्ता मात्र आपण भरतो. माझ्या ३,७८,२८० डॉलरच्या कर्जावर १.७५ टक्क्यांप्रमाणे सुमारे ६,६२० डॉलर सुरुवातीलाच मुद्दलात मिळवले गेले आणि वार्षिक ०.५५ टक्क्यांप्रमाणे पहिल्या वर्षी दरमहा सुमारे १७३ डॉलर द्यावे लागले. डाऊन पेमेंट दहा टक्क्यांहून कमी असल्यामुळे हा दरमहाचा हप्ता कर्ज संपेपर्यंत सुटत नाही.

आमची बोली ४,१०,००० डॉलरला मान्य झाली. १२,००० डॉलर इसारा, म्हणजे आगाऊ डिपॉझिट, म्हणून जमा केले. दुसरेही ग्राहक आहेत असे सांगून एजंटने करारात एक जादा कलम घालून घेतले: अप्रेझल (बँकेसाठी तज्ज्ञाने ठरवलेली घराची किंमत) बोलीपेक्षा कमी आले, तर वीस हजारांपर्यंतचा फरक खरेदीदाराने रोख भरावा. न्यू जर्सीमध्ये एजंटने तयार केलेल्या करारावर दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्यानंतर कामकाजाचे तीन दिवस वकिलाकडून तो तपासून घेण्यासाठी मिळतात आणि त्या मुदतीत वकील करार नामंजूरही करू शकतो. “वकिलाला दीड हजार कशाला घालवता, छापील करार आहे,” असे मला सांगण्यात आले आणि मी ते ऐकले. दीड हजार वाचवण्याचा तो आनंद मला चांगला आठवतो.

पाच आठवड्यांनी अप्रेझल आले ३,९२,००० चे. बँक या आकड्याच्या ९६.५ टक्केच देणार असल्यामुळे वरचे १८,००० आमच्या खिशातून जाणार होते, आणि ते डाऊन पेमेंटच्या १३,७२० डॉलरखेरीज. मी एजंटला फोन करून, आम्हाला हे झेपणार नाही, व्यवहार रद्द करायचा आहे, असे सांगितले. त्यावर त्यांनी शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या: जादा कलमावर तुमची सही आहे, आणि माघार घेतली तर इसाऱ्याचे बारा हजार बुडतील, शिवाय विकणारा दावाही लावू शकेल. त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला, “डिपॉझिट जाईल, उद्या दुपारपर्यंत हो कळवा.” त्यांनीच सुचवलेल्या लोन ऑफिसरला विचारले, तर तो म्हणाला की हा प्रश्न करारातला आहे, कर्जातला नाही. सासऱ्यांनी पुण्यातली मुदत ठेव मोडून पैसे पाठवले आणि आम्ही क्लोजिंग केले, म्हणजे खरेदी पूर्ण करून घर नावावर करून घेतले.

आता तो कागद. एफएचएच्या कर्जात, अप्रेझलचा आकडा कळण्याआधी करार झाला असेल, तर नेहमीच्या घरखरेदीत ‘अमेंडेटरी क्लॉज’ नावाचे कलम कराराचा भाग करावेच लागते. त्याचा आशय असा, की करारात इतर काहीही म्हटलेले असले तरी, घराचे अप्रेझल त्या कलमात लिहिलेल्या किमतीपेक्षा कमी आले, तर खरेदीदारावर व्यवहार पूर्ण करण्याचे बंधन नाही आणि त्याचा इसारा जप्त करता येत नाही. पुढे जायचे की नाही, ही निवड त्याची. माझ्या कलमात ४,१०,००० हाच आकडा लिहिलेला होता. ‘इतर काहीही म्हटलेले असले तरी’ हे शब्द तिथे असल्यामुळे ते वीस हजारांचे जादा कलम मला बांधून ठेवू शकत नव्हते. मी बारा हजार घेऊन बाहेर पडू शकलो असतो, किंवा त्या जोरावर विकणाऱ्याला किंमत उतरवायला लावू शकलो असतो.

हे सगळे मला क्लोजिंगनंतर सात महिन्यांनी कळले, आणि तेही एका वेगळ्याच संकटामुळे. मागच्या अंगणात फरशी घालण्यासाठी खणताना कामगारांना जमिनीत पुरलेली तेलाची टाकी लागली. जुन्या काळी इथली घरे तापवण्यासाठी इंधन तेल वापरत आणि त्याच्या टाक्या अंगणात पुरलेल्या असत. गॅस आल्यावर कित्येकांनी त्या तशाच सोडून दिल्या. आमची गळत होती. टाकी काढणे, खराब झालेली माती उचलून नेणे आणि पर्यावरण खात्याची पूर्तता करणे, यांत २७,००० डॉलर गेले. घराच्या विमा कंपनीने नकार दिला, कारण आमच्या पॉलिसीत असे प्रदूषण वगळलेले होते. खरेदीच्या वेळी काही शे डॉलर देऊन यंत्राने अंगण तपासून घेतले असते, तर टाकी तेव्हाच सापडली असती. पण “सरकारी अप्रेझल होतेच, इन्स्पेक्शनची अट घातली तर बोली हरेल,” या सल्ल्यावर मी स्वतंत्र इन्स्पेक्शन सोडले होते. अप्रेझर घराची किंमत ठरवतो आणि राहण्यायोग्यतेच्या किमान अटी वरवर पाहतो. जमिनीखाली काय आहे, भिंतीत काय आहे, हे शोधणे त्याचे काम नाही. ‘तुमच्या संरक्षणासाठी घराचे इन्स्पेक्शन करून घ्या’ अशा मथळ्याचा हडचा एक पानी कागद कर्जाच्या अर्जासोबत मला मिळालेला होता. अमेंडेटरी क्लॉजमध्येही स्पष्ट लिहिले आहे, की घराची किंमत आणि स्थिती यांची कोणतीही हमी हड देत नाही.

टाकीच्या प्रकरणासाठी अखेर वकिलाकडे गेलो. तिने फाईल चाळता चाळता विचारले, “हे अठरा हजार तुम्ही का भरले?” तिने ते पान माझ्यापुढे सरकवले तेव्हा मी ते आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. ज्या रात्री सह्या केल्या, त्या रात्री जेवण उरकून फोनवर पिवळ्या चौकोनांवर बोट दाबत चाळीसेक पाने पंधरा मिनिटांत संपवली होती. तिचे मत असे पडले की, क्लोजिंगआधी हे पान दाखवले असते तर एक पत्र पुरेसे होते. आता मी ‘स्वेच्छेने’ व्यवहार पूर्ण केल्यामुळे पैसे परत मिळवणे फार कठीण आहे. विकणाऱ्याला टाकी माहीत होती, हे सिद्ध करण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. ऑगस्ट २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला घराच्या स्थितीचे निवेदन लेखी भरून द्यावे लागते. आमचा व्यवहार त्याआधीचा.

माझ्यासारख्या स्थितीत आज कोणी असेल, तर त्याने क्लोजिंगच्या आधी अप्रेझलची प्रत हातात घ्यावी. ती क्लोजिंगच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि खर्चाचा अंतिम तक्ता म्हणजे क्लोजिंग डिस्क्लोजरही तितकेच दिवस आधी मिळायला हवे. इसारा बुडेल असे कोणी सांगितले, तर कोणत्या कलमाखाली बुडेल, हे त्याच्याकडून ईमेलवर लेखी मागावे. माझा अंदाज आहे की तिथेच बहुतेकांचा आवाज खाली येईल. एजंटने सुचवलेल्या लोन ऑफिसरकडेच कर्ज घेण्याचे बंधन कोणावरही नसते. गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल अशा दोघांत पैशांची देवघेव झाली, तर ती रेस्पा या घरखरेदीच्या व्यवहारांसाठीच्या १९७४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आमच्या बाबतीत तसे झाले, असे मी म्हणत नाही. हडने मान्यता दिलेले गृह-सल्लागारही असतात, फुकट किंवा अल्प शुल्कात कागद समजावून देतात. मला त्यांची माहिती नव्हती.

न्यू जर्सी रिअल इस्टेट कमिशनकडे मी तक्रार केली आहे. एजंट बाकी सगळे फोनवर बोलले होते, त्यामुळे लेखी पुरावा म्हणून तो एक व्हॉट्सअ‍ॅप संदेशच जोडता आला. त्यासोबत अमेंडेटरी क्लॉजचे पान जोडले आहे. आमच्या व्यवहारात त्याच पानाच्या खालच्या भागात, करारातील अटी खऱ्या असल्याचे प्रमाणपत्र आहे आणि त्यावर खरेदीदार, विकणारा आणि एजंट या सर्वांच्या सह्या लागतात. माझ्या सहीच्या दोन ओळी खाली एजंटची सही आहे. तारीख त्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाच्या पाच आठवडे आधीची.