बोरिवलीचे उद्यान की घारापुरी?

नागपूरहून येणाऱ्या आमच्या वहिनींच्या हाती मुंबईत एकच मोकळा दिवस असून, बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पाहावे की घारापुरी (एलिफंटा) बेटावरची लेणी, असा त्यांचा प्रश्न आहे. सोमवारी दोन्हीकडे सुट्टी असते, हे आधीच सांगितलेले बरे.

वन्यजीवनाच्या बाबतीत तुलनाच होत नाही. साष्टी बेटावरील सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबटे मोकळे वावरतात, चितळ दिसतात आणि सुमारे आठ वर्षांनी कारवी नावाचे झुडूप फुलले की उतार जांभळे होतात. घारापुरीला मात्र मुख्यतः माकडेच भेटतात. हातातले मक्याचे कणीस ती मागून घेत नाहीत, हिसकावतात.

लेणी दोन्हीकडे बेसॉल्टमध्येच खोदलेली आहेत. उद्यानातल्या कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी अनेक शतके वापरात होती, आणि लेण्यांबाहेर कोरलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाक्या, व त्यांत पाणी नेणाऱ्या खडकातील पन्हळी पाहिल्या की भिक्षूंचा रोजचा दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. शिल्प म्हणून मात्र घारापुरीची सुमारे साडेपाच मीटर उंचीची त्रिमुखी सदाशिवमूर्ती माझ्या मते वरचढ आहे.

श्रम पाहता, घारापुरीला गेटवेवरून तासाभराची लाँच आणि मग शंभराहून अधिक पायऱ्या. कान्हेरीला प्रवेशद्वारापासून पाच-सहा किलोमीटर आत जावे लागते, पण पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राची धास्ती नसते.

मुले सोबत असतील किंवा पावसाळा असेल तर बोरिवली. शिल्पांची ओढ असेल आणि हिवाळ्यातली सकाळ मोकळी असेल तर घारापुरी.