1988 च्या टोयोटाला सॉलिड एक्सल: आठ महिन्यांनंतर आणि तिसऱ्या सीलनंतर

काल सकाळी गराजचं दार वर केलं आणि वास आला. गिअर ऑइलचा तो गंधकासारखा वास एकदा ओळखीचा झाला की झोपेतही कळतो. डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला काळा ओघळ, आणि खाली अंथरलेल्या पार्ले-जीच्या खोक्यावर बशीएवढा डाग. तिसऱ्यांदा! नाहीतर आज चांगलंच लिहिणार होतो.

गाडी 22आरई इंजिनची पिकअप, राहायला डेन्व्हरजवळ. अमेरिकेतल्या पिकअपचा पुढचा सॉलिड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा, टोयोटाने 1985 नंतर का बंद केला, 1986 पासून इंडिपेंडंट (दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं) सस्पेन्शन का दिलं, हा वाद इथे उकरत नाही. माझा स्टिअरिंगचा आयडलर आर्म सतत खुळखुळायचा, शाफ्टच्या सांध्यांवरचे रबरी सीव्ही बूट फाटायचे. दर वर्षी तेच पैसे घालण्यापेक्षा एकदाच जुना एक्सल घालून मोकळं व्हावं, असा हिशेब मांडला. मांडणारा मी, तपासणाराही मीच, त्यामुळे तो लगेच जमला. बाबांना व्हिडिओ कॉलवर घोड्यांवर चढवलेली गाडी दाखवली तर ते म्हणाले, "अरे, चालती गाडी उघडलीसच कशाला?" मी विषय बदलला.

भंगारातल्या 1985 च्या गाडीचा एक्सल 600 डॉलरला मिळाला. चार शनिवार-रविवारांत काम संपणार होतं, अकरा लागले. त्यातले तीन नुसते चासीवरचे जुने ब्रॅकेट ग्राइंडरने कापण्यात गेले. नाकातून आठवडाभर काळं येत होतं. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट जातात तिथे चासीत आडव्या नळ्या घातल्या, नाहीतर बोल्ट आवळताना चासीच पिचकते. पुढच्या हँगरला (स्प्रिंगचे पाटे टांगायच्या ब्रॅकेटला) कच्चे टाके मी मारले, पण पक्कं वेल्डिंग माहीतगाराला बोलावून पैसे देऊन करून घेतलं. कंजूषपणा केला नाही अशी अख्ख्या कामातली ही एकच जागा. पुढचा एक्सल मागच्यापेक्षा साधारण 3 इंच अरुंद पडतो, म्हणून दोन्ही बाजूंना चाक बाहेर सरकवणारे स्पेसर. पुढे-मागे दोन्हीकडे सारख्याच, 4.10 प्रमाणाचे गिअर निघाले, ते नशीब.

चालवायला कशी वाटते? युटातल्या मोआबच्या लाल खडकांवर एक चाक वर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. पूर्वी जिथे चाक हवेत फिरत बसायचं तिथे आता गाडी म्हशीसारखी संथ चढते. त्या दिवशी सगळे पैसे वसूल वाटले. हायवेवर मात्र पाटे कडक आहेत, पुलाच्या प्रत्येक सांध्याला चहा सांडतो. आणि 33 इंची टायर घेऊन 11,000 फुटांवरच्या आयझनहॉवर बोगद्याकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकवालेही मागे टाकून जातात. पण हे सगळं मान्य करूनच काम काढलं होतं.

मान्य नव्हतं ते हे सील. एक्सलच्या नळीच्या टोकाशी बसणारी, तळहातात मावणारी रबरी चकती. ती गेली की डिफरन्शियलचं (एक्सलच्या गिअरपेटीचं) ऑइल नकलमध्ये, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या पोकळ सांध्यात उतरतं, तिथल्या बर्फिल्डच्या (शाफ्टच्या वळत्या जोडाच्या) ग्रीसमध्ये मिसळतं आणि त्या घट्ट ग्रीसची काळी आमटी होऊन बाहेर गळते. चकती दहा-बारा डॉलरची, पण तिथवर पोचायला चाक, कॅलिपर, हब, 54 मिलिमीटरचे नट, स्पिंडल, सगळं काढायचं. हबचे कोन वॉशर पितळी हातोडीने ठोकून ठोकून सुटतात. माझे तर शेजाऱ्याला ऐकू गेल्यावरच सुटतात. एका बाजूला चार तास.

पहिलं सील गेलं तेव्हा सील वगैरेचं किट विकणाऱ्या दुकानाशी भांडलो. त्यांचं ठरलेलं उत्तर: बसवताना चूक झाली असेल. नवीन सील फुकट पाठवलं, पण टपालाचे 9 डॉलर लावले. दुसऱ्या वेळी मी शिम (नकल मध्यावर बसवणाऱ्या पातळ चकत्या) पुन्हा मोजल्या, वरच्या वर आणि खालच्या खाली. नकल मध्यावर बसली नाही तर शाफ्ट सीलला एका अंगाने रेटतो, हे तेव्हा कळलं. मासे तोलायच्या ताणकाट्याने नकल ओढून प्रीलोडही (बेअरिंगचा घट्टपणा) बघितला, बरोबर 9 पौंड. तरीही तिसरं गेलं. माल भिकार आहे, घेऊ नका, असं ठळक अक्षरांत लिहिणार होतो.

वरचं रविवारी लिहिलं. आज बुधवार, आणि थोडं गिळावं लागतंय.

चौथं सील घालण्याआधी गाडी अर्धा तास फिरवून आणली आणि लगेच ऑइलची पातळी बघायला डिफरन्शियलचा 24 चा बोल्ट सैल केला. फुस्स! प्रेशर कुकरची शिट्टी उचलावी तसा आवाज, आणि हातावर कोमट ऑइल. आत हवा कोंडली होती. एक्सलवरच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेची) टोपी बोटाने फिरेना. फिरणार कशी? एक्सल नवा दिसावा म्हणून मी हौसेने जो काळा रंग फवारला, तो टोपीच्या कडेने आत उतरून तिथेच वाळला होता. ऑइल तापलं की हवा फुगायची आणि वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर रेटायची. डावं सीलच का, उजवं का नाही, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: डावा शाफ्ट आत सरकवताना त्याचे दाते सीलच्या ओठावर घासले होते. तेव्हा 'चालतंय' म्हटलं होतं.

तर माल भिकार नाही. पण किटमध्ये नकलचं एक फेल्ट (नमद्याची पट्टी) कमी होतं, हे मी सोडणार नाही, आणि ते 9 डॉलरही नाही.

ब्रीदर काढून तिथे सहा डॉलरची रबरी नळी लावली आणि इंजिनच्या वरपर्यंत नेली. खोका बदललाय. तीन दिवस कोरडा आहे असं बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, गाडी तरी कुठे हलवलीस तीन दिवसांत. अर्धा तास फिरवली ती मोजत नाही.