ग्रो लाइट, सहा-सात महिन्यांनी : पुदिना झकास, टायमर भिकार

"मॅडम, टायमर असाच असतो" एवढं सांगून कस्टमर केअरने काल माझी तक्रार बंद केली, म्हणून हा रिव्ह्यू. ग्रो लाइट म्हणजे घरातल्या झाडांना उन्हाऐवजी उजेड देणारा दिवा; माझा क्लिपवाला, दोन माना असलेला, यूएसबीवर चालणारा. सगळ्यांनी पाहिलाय, वर्णन करत बसत नाही.

खोक्यावर '८० वॅट' छापलंय. सोबतचा अ‍ॅडॅप्टर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा. गुणाकार करा, १० वॅट येतात. बाकीचे ७० खोक्यावरच राहिले. पण तेही सोडून देते, कारण कुंडीपासून वीतभर उंचीवर ठेवला तर पुदिन्याच्या पानांना एवढा उजेड पुरतो. समोर टॉवर झाल्यापासून आमच्या ड्राय बाल्कनीत ऊन नावालाच येतं. तिथे बाजारातल्या जुडीच्या काड्या पाण्यात मुळं फुटवून लावल्या, आणि चटणीसाठी पुदिना विकत आणणं बंद झालं.

राग आहे तो टायमरवर. दिवा आपोआप विझायला ३, ९ आणि १२ तास. बस्स. सोळा तास द्यायला यांचं काय जात होतं?

मला फुलं हवी होती. पुदिना मोठ्या दिवसांत फुलणारा. पुण्यात जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास, त्यात आपण तो सारखा खुडत असतो, मग तुरा दिसणार कुठून? सॉकेटला लावायचा चकतीवाला टायमर आणला, चारशे रुपये. पण तो वीज तोडून-जोडूनच चालतो, आणि वीज जाऊन आली की हा दिवा बंदच राहतो, कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि त्या दिवशी घरात कुणी नसलं, तर झाड संध्याकाळपर्यंत अंधारात.

अपडेट : दोनाचे तीन स्टार केलेत. झाड खरं तर अंधाराची लांबी मोजतं. त्यामुळे दिवस लांबवायला झगझगीत उजेड लागत नाही, मंदही चालतो. ड्रॅगन फ्रूटवाले हिवाळ्यात रात्री बागेत बल्ब लावतात ते याचसाठी. मग ग्रो लाइट १२ तास आणि तो विझला की माळ्यावरचा जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब ४ तास, त्या चारशेच्या टायमरवर. हिशोब असा : दिवा रोज ०.१२ युनिट, बल्ब ०.१६. म्हणजे मदतनीसच मालकापेक्षा जास्त खातो! दोन्ही मिळून महिन्याला साडेआठ युनिटच्या आत. हा बल्बचा खर्चही मी कंपनीच्याच नावावर मांडते.

खुडणं पूर्ण थांबवलं. काही आठवड्यांनी शेंड्याची पानं बारीक होत गेली, मग निमुळते तुरे आले आणि खालून वर एकेक फिकट जांभळं फूल उमलायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "दहा रुपयांना जुडी मिळते आणि तू विजेवर फुलं काढतेस." त्यानंतर त्यांनीच चार तुरे मठ्ठ्यात टाकले. तुरे आलेल्या फांद्यांची पानं मात्र थोडी कडवट लागतात. चटणी त्यांची करू नका. फुलं सरली की मातीपासून दोन-तीन बोटं ठेवून छाटा, नवे फुटवे येतात.

घरातल्या कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड लागते. पानं उलटून बघत जा, पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. तिचा दोष दिव्याला देत नाही.

नुसती पानं हवी असतील तर १२ तास भरपूर झाले, खुशाल घ्या. फुलं हवी असतील तर वीज आल्यावर आपोआप लागणारा साधा होल्डरवाला बल्बच बघा, टायमर वेगळा घ्या. अ‍ॅडॅप्टर वॉरंटीत येत नाही, हेही फोनवरच कळलं.