फोन नंबर गुलाबी का? केमोच्या पुस्तिकेचा सहा महिन्यांचा अनुभव

आमच्या रुग्णालयाच्या केमो डे-केअरमध्ये काउंटरवर 50 रुपयांना मिळायची ती 32 पानी मराठी पुस्तिका. केमो चालू असताना घरी काय काळजी घ्यायची, ते आत दिलंय. आमच्या हिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग दर 21 दिवसांनी अशा चार एसी (डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या दोन औषधांची केमो) आणि नंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध, बारा वेळा. एवढ्या काळात पुस्तिका भरपूर हाताळली गेली. काल मधली चार पानं पिनेतून सुटून हातात आली, म्हणून लिहायला बसलो.

पहिल्या आठवड्यात मी दोनच स्टार दिले असते. पैसे मोजून घ्यायची आणि दर दुसऱ्या पानावर 'डॉक्टरांना विचारा'! डॉक्टर भेटतात चार मिनिटं. शिवाय कागद गुळगुळीत. तापाची नोंद ठेवायला रेघा आखून दिल्यात, पण त्यावर बॉलपेन उठत नाही आणि जेल पेन फासतं.

मत बदललं पहिल्या एसीच्या संध्याकाळी. हिनं बाथरूममधून हाक मारली, "अहो, इकडे या जरा." लघवी लाल! माझे हातपाय गार. मेहुणीला फोन केला, तर ती 'किडनीवर गेलं वाटतं' म्हणून मोकळी. पान 9, खालून चौथी ओळ: डॉक्सोरुबिसिन या लाल औषधानं एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. पुस्तिका पिशवीतच होती, मीच उघडली नव्हती.

हीच मेहुणी. गरम नारळपाण्यानं कॅन्सरच्या पेशी मरतात, हा टाटाच्या डॉक्टरांच्या नावानं फिरणारा मेसेज तिनं तीनदा पाठवला. टाटा रुग्णालयानं 2019 मध्येच तो खोटा असल्याचा खुलासा केलाय म्हटलं, तर 'प्यायला काय जातंय' म्हणाली आणि रविवारी हळदीच्या कॅप्सूल घेऊन हजर. 900 रुपयांची बाटली! पुस्तिकेत लिहिलंय, आमटी-भाजीतली हळद खुशाल खा. कॅप्सूल, काढे, अर्क मात्र केमोच्या औषधांच्या आड येऊ शकतात, विचारल्याशिवाय नको. पान तिच्यापुढे धरलं. माझं बोलणं तिला पटत नाही, छापलेलं पटतं. बाटली परत गेली.

आता खरं भांडण. दुसऱ्या एसीनंतरचा अकरावा दिवस, रात्री साडेअकरा, ताप 100.6. मी पॅरासिटामॉल फोडलीसुद्धा. ही म्हणाली, "आधी ते पुस्तक बघा." पान 14 वर चौकट: ताप 100.4 किंवा वर गेला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, लगेच फोन करा. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, संसर्ग झपाट्यानं वाढू शकतो, आणि गोळीनं ताप दबला की पत्ता लागत नाही. इतकं स्पष्ट मला कोणी तोंडानंही सांगितलं नव्हतं.

पण फोन कुठे करायचा? नंबर शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, पांढऱ्यावर फिकट गुलाबी! तीन की आठ कळेना. दोनदा चुकला, हडपसरच्या कुणा गृहस्थांना झोपेतून उठवलं, त्यांनी ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तिसऱ्यांदा लागला. सिस्टर म्हणाल्या, "काका, गोळी दिली नाहीत ना? बरं केलंत. घेऊन या लगेच." पांढऱ्या पेशी खरंच खाली गेल्या होत्या. पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक.

नंतर काउंटरवर तक्रार केली. उत्तर मिळालं, "गुलाबी ही थीम आहे." गेल्या महिन्यात नवी आवृत्ती आली. किंमत 60, थीम तीच.

सुटलेल्या पानांसकट अख्खी पुस्तिका घेऊन आज अप्पा बळवंत चौकात गेलो. झेरॉक्सचे 32 आणि स्पायरलचे 30, म्हणजे नवीपेक्षा दोन रुपये जास्तच गेले. पण या कागदावर पेन उठतं. गुलाबी नंबर झेरॉक्समध्ये आलाच नाही, ते पान कोरं. म्हणून काळ्या स्केचपेननं पान 14 वरच, चौकटीखाली, बोटभर आकड्यांत लिहिला. चार स्टार.